‘माले कसाले धरं?’ : अटकेचा कागद आणि मराठी गद्य

पंचनामा हा मराठी गद्याचा एक जुना आणि अजूनही जोमात असलेला प्रकार आहे. राज्यातल्या कुठल्याही पोलिस ठाण्यात तो रोज लिहिला जातो. त्याला ठरलेली सुरुवात आहे, ठरलेला शेवट आहे, स्वतःची क्रियापदे आहेत. लिहिणारा बदलला तरी शैली बदलत नाही. मराठी साहित्याच्या कुठल्याही इतिहासात त्याची नोंद नाही, आणि ज्याच्याबद्दल तो लिहिलेला असतो त्याने तो बहुधा वाचलेला नसतो.

मी भडगावच्या तालुका कोर्टात वकिली करतो. गिरणेकाठचा हा तालुका कापूस, केळी आणि लिंबाचा. इथल्या फौजदारी कामात दोषारोपपत्राच्या नकला वाचण्यात माझा बराच दिवस जातो, आणि घरी गेल्यावर उरलेल्या वेळात कथा-कादंबऱ्या. दोन्ही वाचने एकाच भाषेतली असल्यामुळे ती एकमेकांत मिसळतात. हा लेख त्या मिसळण्यातून आलेला आहे. अटक आणि झडती यांचा कायदा मला अलीकडे लेखनाविषयीचा कायदा वाटू लागला आहे, आणि म्हणून तो टीकाकाराच्याही कक्षेत येतो असे मला म्हणायचे आहे.

आधी पंचनाम्याची भाषा पाहू. ‘सदर इसम संशयितरीत्या फिरताना मिळून आला.’ ‘त्यास नाव-गाव विचारता उडवाउडवीची उत्तरे दिली.’ ‘अंगझडती घेतली असता खालील वर्णनाचा मुद्देमाल मिळून आला.’ ‘पंचनामा वाचून दाखविला, तो आमचे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.’ यातले ‘मिळून येणे’ हे क्रियापद लक्षात घ्या. माणूस मिळून येतो, मोटारसायकल मिळून येते, लोखंडी पाना मिळून येतो. कोणी शोधले, कोणी ओढून नेले, कोणाच्या घरात रात्री किती वाजता शिरले, याचा भार वाक्य कोणावरच टाकत नाही. कर्ता नाहीसा करणारे इतके पक्के वाक्य आपल्या नवकथेलाही जमले नव्हते.

‘विश्वासात घेऊन विचारपूस करता त्याने गुन्ह्याची कबुली दिली’ हे दुसरे वाक्य. बोलीत ‘विश्वासात घेणे’ म्हणजे मनातले सांगणे, मन मोकळे करणे. पोलिसी मराठीत त्याचा अर्थ काय होतो हे ज्याला ठाऊक नाही असा मराठी वाचक क्वचितच असेल. वर्तमानपत्र तर हे झाकतही नाही. ‘पोलिसी खाक्या दाखवताच पोपटासारखा बोलू लागला’ हे वाक्य आपण चहा पिता पिता वाचतो आणि पान उलटतो. मुसक्या आवळल्या, जेरबंद केले, बेड्या ठोकल्या, गजाआड केले. मुसक्या म्हणजे पाठीमागे बांधलेले हात. जेरबंद हा घोड्याच्या साजातला पट्टा. या शब्दांत अटक झालेला माणूस जनावर असतो आणि कारवाई म्हणजे त्याला आवरणे. त्याच्यावर अजून फक्त आरोप आहे, ही गोष्ट बातमीच्या शेवटच्या ओळीतही येत नाही.

गंमत अशी, की पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात हे होते आणि आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर सापडण्याशी थेट जोडलेला तेवढाच भाग ग्राह्य धरतात. ज्यांनी हा कायदा केला त्या इंग्रजांना त्यांच्याच पोलिसांच्या ‘विश्वासात घेण्या’वर विश्वास नव्हता. तरीही कबुलीची बातमी मोठ्या अक्षरांत येते. कोर्टाने जी गोष्ट दारातच थांबवली, ती गावाने केव्हाच मान्य केलेली असते.

आता कायदा काय मागतो ते पाहू. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्याला शक्य तितक्या लवकर कारणे कळवायची, त्याला स्वतःच्या पसंतीचा वकील घेऊ द्यायचा, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे न्यायचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३५ अटक केव्हा करता येते ते सांगते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात नुसता गुन्हा दाखल झाला म्हणून उचलायचे नाही. अटक का गरजेची आहे ते लिहून ठेवायचे, गरज नसेल तर नोटीस देऊन बोलवायचे. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले होते. कलम ३६ नुसार अटकेचा मेमो करायचा, त्यावर घरातल्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यायची. कलम ४७ नुसार कारणे सांगायची, कलम ४८ नुसार नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचे.

झडतीचेही तसेच. वॉरंट न्यायालयाने द्यायचे. वॉरंट आणण्याइतका वेळ नसेल तर तपास अधिकाऱ्याने आपल्याला तसे का वाटते हे आधी लिहायचे आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांत दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच त्याच भागातले घ्यायचे. घरातल्या माणसाला हजर राहू द्यायचे आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत त्याच्या हातात ठेवायची. आता नव्या संहितेच्या कलम १०५ ने या सगळ्याचे दृक्‌श्राव्य चित्रणही सक्तीचे केले आहे.

या सगळ्यात एक शब्द परत परत येतो : लिहा. बळ वापरण्याआधी लिहा, वापरताना लिहा, वापरल्यावर लिहा, आणि लिहिलेले दुसऱ्याला दाखवा. सत्तेला कारण लिहायला लावले की ती थोडी तरी थबकते, असा या कायद्याचा भरवसा आहे. हा भरवसा मृत्यूंतून आला. पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून ऑगस्ट १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्राचीच याचिका झाली आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी अकरा सूचनांचा निकाल आला. आज आपण अटकेचा मेमो म्हणतो तो कागद तिथून आला.

मग कागद आला, तर गोष्ट सुटली का?

माझ्या एका पक्षकाराचे उदाहरण देतो. ठाण्याचे नाव इथे नको. चोरीच्या संशयावरून धरलेला शेतमजूर. कागदपत्रे बघितली तर काही कमी नाही. मेमो आहे, कारणे कळवल्याची नोंद आहे, ‘मला अटकेची कारणे समजली’ या छापील ओळीखाली डाव्या हाताचा अंगठा आहे. कोठडीच्या गजांतून तो मला अहिराणीत एवढेच विचारत होता, ‘माले कसाले धरं, भो?’ मला का धरले? कागदावर तो प्रश्न सुटलेला होता. माणसाजवळ तो तसाच होता.

या जागी कायदा साहित्याला भेटतो असे मला वाटते. जो लिहू शकत नाही त्याचे बोलणे लिहून घेणे ही साधी गोष्ट नाही, आणि आमच्या खानदेशाइतके हे दुसऱ्या कोणाला ठाऊक असायला नको. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या शेतात, जात्यावर गात. सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी ते लिहून ठेवले, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तक निघाले. लिहून घेणाऱ्याने त्या बोलीचे पुस्तकी मराठी केले असते, ‘सदर महिलेने जात्याजवळ खालीलप्रमाणे कथन केले’ असे केले असते, तर मराठीला बहिणाबाई मिळाल्याच नसत्या. तसेच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. दोन्हीकडे लिहिणारा बोलणाऱ्याच्या बाजूला बसला होता. पंचनाम्यात तो समोर बसतो. त्याच्या हातात नमुना आधीपासून असतो आणि बोलणाऱ्याला त्या नमुन्यात बसवायचे असते.

तुरुंगातून आलेले आपले साहित्य मोठे आहे, पण ते ज्यांना लिहिता येत होते त्यांचे आहे. सत्याग्रही स्वतःहून अटक करून घेत असे. त्याला कारण माहीत असे, किंबहुना कारण त्याचेच असे. संशयावरून उचललेल्या माणसाला या परंपरेत जागा नव्हती. ती त्याला दुसऱ्या लेखकांनी करून दिली. त्यांतल्या तीन कलाकृती मी वकिलाच्या नजरेने पुन्हा वाचल्या, पाहिल्या.

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) आपण शौर्याची कादंबरी म्हणून वाचतो. ती हजेरीचीही कादंबरी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अटकेच्या तर्कशास्त्राचा क्रमच उलटा केला होता. आधी गुन्हा, मग संशय, मग अटक हा क्रम. इथे जन्म हाच संशय, आणि रोजची हजेरी ही गावभर पसरलेली कोठडी. कारण लिहून द्यायची गरजच उरली नाही, कारण जात हेच कारण होते. फकिरा शेवटी शरण येतो तो आपल्या माणसांना सरकारने धरून ठेवले म्हणून. एकाला पकडण्यासाठी सगळी वस्ती ओलीस धरायची, ही पद्धत कादंबरीने नोंदवली आहे. ‘आरोपी फरार असल्याने त्याच्या भावास चौकशीकामी आणले’ असे वाक्य मला आजही ऐकू येते, तेव्हा ती कादंबरी इतिहासात जमा झालेली नाही हे कळते. मात्र अण्णा भाऊंचा नायक इतका उंच आहे, की त्याच्या सावलीत हजेरीला उभा राहणारा साधा माणूस अंधुक होतो. शौर्य नसलेल्याचे काय, हा प्रश्न कादंबरी मागे ठेवते.

त्याचे उत्तर लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त (१९८७) आहे. या आत्मकथनाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, चर्चाही भरपूर झाली, पण ती बहुतेक भूक आणि दारिद्र्य याभोवती फिरली. मला ते पुस्तक झडतीचे वाटते. पोलिस घरी येतात हा तिथे प्रसंग नसतो, तो ऋतू असतो. भांडीकुंडी उलथी होतात, म्हाताऱ्या माणसांना मार बसतो, हाती लागेल ते जाते, आणि चोरीच्या मालात पोलिसांचाही वाटा असतो. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी हे चालूच राहते. कलमांच्या भाषेत सांगायचे तर या घराला दार नाही : वॉरंट दाखवायचे ते कोणाला, आणि वस्तीतला ‘प्रतिष्ठित रहिवासी’ म्हणून पंच कोण आणायचा? वस्तीतल्या कोणाला गावाने कधी प्रतिष्ठित म्हटले आहे? कायद्यातले हे विशेषण वरवर निरुपद्रवी दिसते. ‘उचल्या’ वाचल्यावर कळते, की पंच ज्या गावातून येतो त्या गावाचाच या वस्तीवर संशय असतो. गायकवाडांनी तक्रारीचा सूर लावलेला नाही. घडले ते घडल्यासारखे सांगितले आहे, आणि त्यात कर्ता कुठेही लपवलेला नाही. कोणी मारले, कोणाला मारले, काय नेले, हे त्या गद्यात सरळ येते. पंचनाम्याला दिलेले इतके थेट उत्तर मी दुसरे वाचलेले नाही.

तिसरी कलाकृती चित्रपट आहे : चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४). लोकशाहीर नारायण कांबळे यांना कार्यक्रम चालू असताना अटक होते. आरोप असा, की त्यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला. ताम्हाणे अटकेला वाढवत नाहीत. आरडाओरडा नाही, पार्श्वसंगीत नाही. सगळे कार्यालयीन गतीने होते आणि म्हणूनच अंगावर येते. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) दुष्ट नाही. ती लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते. पोलिसांचा साक्षीदार तर अनेक खटल्यांत तोच असतो. तालुक्याच्या कोर्टात काम करणाऱ्याला हा तपशील पाहून हसू येते आणि लगेच जाते.

मला त्या चित्रपटातले सर्वांत महत्त्वाचे पात्र टंकलेखक वाटते. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते आपल्या शब्दांत सांगतात, टंकलेखक ते उतरवतो. मेलेल्या कामगाराची विधवा साक्षीला येते आणि नवरा कसा काम करायचा ते सांगते. गटारात उतरण्याआधी तो खडा टाकून बघायचा, झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजायचे. तो वास सहन व्हावा म्हणून तो प्यायचा. एका माणसाचे सगळे जगणे या दोन वाक्यांत आहे. नोंदीत त्यातले काय उतरते ते आपण बघत बसतो. तिच्या बोलण्यातून आरोप कोसळतो, जामीन होतो, आणि शाहीर पुन्हा पकडले जातात, या वेळी अधिक कडक कायद्याखाली. कागद प्रत्येक वेळी नीट आहे. यावर ‘चित्रपट थंड आहे’ असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. मला तो पटत नाही. ज्या गोष्टीत क्रौर्याला आवाजच नसतो, तिथे आवाज चढवणे हीच खोटी नाट्यमयता ठरली असती.

या तिन्ही कलाकृती एकत्र ठेवल्या की कायद्याच्या भरवशावर एक प्रश्नचिन्ह येते. लिहायला लावल्याने सत्ता थबकते खरी, पण लिहिण्याचा नमुना तिच्याच हातात असेल तर ती लिहायलाही शिकते. मग कारणाच्या जागी कारणाचा शिक्का येतो. म्हणून लिहा एवढे पुरत नाही. कोणासाठी लिहिले, आणि त्याला ते वाचता येते का, हेही विचारावे लागते.

आपल्या न्यायालयांनी हा प्रश्न विचारला आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा संबंध वारंवार आला आहे. १९६२ साली महाराष्ट्रातल्याच एका स्थानबद्धाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की इंग्रजी न येणाऱ्याला इंग्रजीत कारणे देणे म्हणजे कारणे कळवणे नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी गौतम नवलखा यांना दिल्लीत अटक केली. कागद मराठीत होते. दिल्लीच्या दंडाधिकाऱ्याने त्यावरच ताबा देण्याचा आदेश दिला होता. उच्च न्यायालयाने लगेच विचारले की मराठी न कळणाऱ्या दंडाधिकाऱ्याने हे वाचले कसे, आणि पुढे १ ऑक्टोबरला तो आदेश रद्द केला. मराठी दिल्लीत गेली आणि एका दिवसात न वाचता येणारी भाषा ठरली. हीच मराठी सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा माणसापुढे, पारधी माणसापुढे, तांड्यावरच्या म्हातारीपुढे रोज ठेवली जाते. तिथे ती वाचता येत नाही हे कोणाला दिसत नाही, कारण राज्यभाषा सगळ्यांना येतेच असे आपण धरून चालतो.

६ नोव्हेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टीन मसीह यांनी पुढचे पाऊल टाकले. गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी द्यायची आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची. त्याच क्षणी लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगायची, पण रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी तरी लेखी मिळालीच पाहिजेत. नाही तर अटक आणि रिमांड बेकायदा. हे प्रकरणही महाराष्ट्राविरुद्धचेच, मुंबईतल्या एका मोटार अपघातातले. त्याआधी लेखी कारणांचा आग्रह २०२३ आणि २०२४ च्या ज्या निकालांनी धरला, ते एका बांधकाम व्यावसायिकाचे आणि एका वृत्तसंकेतस्थळाच्या संपादकाचे होते. म्हणजे हा हक्क महागड्या वकिलांनी मिळवून दिला. यावर नाक मुरडणारे आहेत. मला त्यात वावगे वाटत नाही. विहीर पाटलाने खणली म्हणून तिचे पाणी बाकीच्यांनी पिऊ नये असे नसते. प्रश्न रहाट सगळ्यांच्या हाती येतो का, हा आहे.

आणि हा प्रश्न तांत्रिक नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर धरपकड झाली आणि त्यात पकडलेला कायद्याचाच एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. ज्याला कलमे पाठ असतील अशा माणसाचे हे. ‘माले कसाले धरं’ एवढेच विचारता येणाऱ्याच्या बाजूला कोण उभे असते?

पोलिसांची बाजू मी रोज पाहतो. एका हवालदाराकडे बंदोबस्त, समन्स, तपास आणि वरून फोन. दोन तासांत अहिराणीत किंवा पावरीत कारणे कोण लिहून देणार, असे तो विचारतो. तो प्रश्न खोटा नाही. पण त्याचे उत्तर वाटते तितके अवघडही नाही. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या हवालदारांची घरची बोली अहिराणीच आहे. ते घरी आईशी जसे बोलतात तसे चार ओळी देवनागरीत लिहू शकतात : तुला या दिवशी, या गावच्या, या माणसाच्या या वस्तूच्या चोरीच्या संशयावरून धरले आहे, संशय अमक्यामुळे आला, तू वकील मागू शकतोस, तुझ्या घरी अमक्याला कळवले आहे. आणि वाचता न येणाऱ्याला ते वाचून दाखवू शकतात. अडचण येते ती बोलीत लिहिण्याची लाज वाटते म्हणून. सरकारी कागद म्हटला की ‘सदर’ आणि ‘इसम’ आलेच पाहिजेत, हा धाक आपल्या शाळेने, कचेरीने आणि थोडाफार आपल्या साहित्यानेही घातलेला आहे. शिवाय बोलीत कारण लिहायला बसले की ते कारण खरे असावे लागते. ‘संशयितरीत्या मिळून आला’ याचे अहिराणी करून पाहा. होत नाही. आईला सांगता येईल असे ते वाक्यच नाही.

मराठी टीकेने बोलीची बाजू कवितेत आणि कादंबरीत कधीच घेतली. आता तिने ठाण्यातल्या कागदापर्यंत यावे. आपल्या विद्यापीठांत प्रमाणभाषा आणि बोली यांवर प्रबंध होतात, त्यांतला एखादा अटकेच्या मेमोंवर व्हावा. त्यांतल्या क्रियापदांचे कर्ते कुठे गेले ते कोणी तरी मोजावे. वर्तमानपत्रातल्या ‘पोलिसी खाक्या’वर भाषेच्या अभ्यासकाने लिहावे. पंचनामा वाचता येणारा वाचक तयार झाला, तर तो लिहिणाराही जरा जपून लिहील. आणि छापील मेमोत एक रकाना वाढवायला हरकत नाही : कारणे कोणत्या भाषेत सांगितली. त्या रकान्यात ज्या दिवशी ‘अहिराणी’ असे लिहिलेले माझ्या वाचनात येईल, त्या दिवशी त्या खटल्यात बचावाचा एक मुद्दा माझ्या हातून जाईल, आणि त्याचे मला वाईट वाटणार नाही.